आतून रंगवायची गाडी

हुसेनमियाँकडे मास्क नाही.

हे मला आज कळलं असं नाही. गेले तीन आठवडे ठाऊक आहे, आणि गेले तीन आठवडे तो विचार आला की मी काहीतरी काम उकरून काढते. डाळी निवडून झाल्या. निवेदिताची शाळा बंद असूनही तिच्या सगळ्या पुस्तकांना कव्हरं घालून झाली. आता घरात सगळे झोपलेत, इथे अल-खोबरमध्ये आज अजून तरी सायरन वाजलेला नाही, आणि काढायला एकही काम शिल्लक नाही. म्हणून लिहायला बसले. माणसाबद्दल लिहिलं की तो डोक्यातून कागदावर उतरतो म्हणतात. बघू.

हुसेनमियाँ हर्णैजवळचे. पन्नाशीला टेकलेले. घरी बायको बदरुन्निसा आणि लग्नाच्या दोन मुली. सौदीत येऊन बावीस वर्षं झाली आणि बावीसही वर्षं त्यांनी एकच काम केलं, गाड्या रंगवण्याचं. इथून जवळच थुक्बा म्हणून गॅरेजांची वस्ती आहे, तिथल्या एका वर्कशॉपमध्ये. बांधा बारीक, बोटं लांब, आणि मेंदी लावलेली, मुठीत मावेल एवढी दाढी. कामाच्या वेळी ती दाढी ते चौकड्याच्या फडक्यात गुंडाळून मागे गाठ मारतात. एकदा त्या अवतारात त्यांना पाहून निवेदिता म्हणाली, "अंकल, दात दुखतोय?"

आमची ओळख झाली ती विवेकनी कंपनीची कोरी क्रीम रंगाची गाडी कॉर्निशवरच्या, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावरच्या, दिव्याच्या खांबाला टेकवली म्हणून. विवेक माझे यजमान, खारं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात इंजिनियर. लाखो गॅलन पाण्याचा हिशेब चुकत नाही, गाडी मागे घेताना चुकतो. कुणीतरी हुसेनमियाँचं नाव सांगितलं. त्यांनी गाडी पाहिली, मग विवेकना पाहिलं आणि मराठीत विचारलं,

"आपल्याकडचे? रत्नागिरीचे?"

"नाही, सांगलीचे."

"बरं. चालंल."

क्रीम रंग त्यांनी नजरेनं मिसळला. कंपनीच्या साहेबाला आजतागायत पत्ता नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी नमाज झाल्यावर ते आमच्याकडे येतात. सकाळीच कुणाच्या तरी पिकअपमधून कतीफला जाऊन ताजी मासळी आणतात, मी कालवण करते, आणि ते जेवून प्रामाणिकपणे सांगतात, "वहिनी, सांगलीच्या मानानं बरं झालंय."

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, गाड्या राहतात. आमच्या बिल्डिंगमधले लोक त्यांच्या हिशेबी म्हणजे 'डाव्या दारात पुट्टी भरलेली टोयोटा' किंवा 'बॉनेट बदललेली मझदा, तिची वहिनी'. रंगवलेली कुठलीही वस्तू दिसली की बोटांची मागची बाजू तिच्यावरून फिरवून बघायची सवय. तळव्याला लागत नाही, पाठीला लागतं, असं म्हणतात. पहिल्यांदा घरी आले तेव्हा आमच्या फ्रिजवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "हा पडलेला हाय कधीतरी." मी म्हटलं, छे, नवा घेतलाय. मागे पाहिलं तर विवेक पंख्याकडे बघत होते. जिन्यात पडला होता म्हणे. मला चार वर्षं सांगितलं नव्हतं.

असा हा माणूस.

मास्कचं असं झालं की जानेवारीच्या सुरुवातीला विवेकच्या कंपनीनं कुटुंबागणिक गॅसचे मास्क वाटले. यादी जुनी होती. आमचा उन्मेष दोन वर्षांपूर्वीच इंजिनियरिंगला पुण्याला गेला, पण यादीत अजून इथेच राहत होता. त्यामुळे आम्हाला चार खोकी मिळाली. चौथ्या खोक्यावर त्याचं नाव टाइप केलेलं. विवेक परत करायला निघाले होते. मीच म्हटलं, राहू द्या. अशा दिवसांत यादीतून मुलाचं नाव खोडायचं? मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलंय. पुण्याच्या हॉस्टेलात बसलेल्या मुलाचं रक्षण खोबरच्या कपाटातला रबरी मुखवटा करत नाही, हे मला समजतं. तरी ते खोकं मी माझ्या साड्यांच्या कप्प्यात ठेवलं.

हुसेनमियाँच्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा इकामा, इथे राहायचा परवाना, आहे त्या मालकानं, आठ कामगारांना ऑक्टोबरपासून सांगून ठेवलंय, "मास्क? इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात." पुढचा आठवडा आहे तिथेच आहे.

आखातातली लढाई तीन आठवड्यांपूर्वी गुरुवारी सुरू झाली. शुक्रवारी हुसेनमियाँ मासळीऐवजी मास्किंग टेपची पाच भेंडोळी घेऊन आले. त्या दिवशी अख्ख्या खोबरमध्ये टेप मिळत नव्हती, जो तो खिडक्या बंद करत होता. आम्ही मधली खोली निवडली होती आणि विवेकनी खिडकीवर फुल्या मारून ठेवल्या होत्या. हुसेनमियाँनी त्या फुल्यांकडे, लहान मुलानं काढलेल्या चित्राकडे बघावं तसं पाहिलं.

"साहेब, हे काय? मास्किंग असं करतात?"

सगळ्या फुल्या काढल्या आणि प्लास्टिकचा कागद लावून कडा अशा बसवल्या, की सुईचं टोक आत जाणार नाही. खिडकी, एसीची फट, दाराची चौकट. रंग मारायच्या आधी गाडीच्या काचा झाकतात तशी खोली झाकली. शेवटी कडेवरून बोटांची पाठ फिरवली आणि म्हणाले, "आता बिनधास्त रंग मारा." विवेक त्या वेळी मास्कची माहितीपत्रिका मोठ्यानं वाचत होते. तिसऱ्यांदा. इंजिनियर माणूस, कागद मिळाला की वाचणारच.

मात्र त्याच घरात एक कागद कुणी वाचला नाही, आणि तिथून पुढची गंमत झाली.

वरच्या मजल्यावरचं इंग्रज कुटुंब लढाईच्या आधीच्या आठवड्यात घाईनं देश सोडून गेलं. जाताना त्यांनी निवेदिताला एक मोठं खोकं दिलं. त्यात खाच असलेला काळा रस्ता होता, तुकडे जोडून खोलीभर मांडायचा. त्या खाचेतून विजेवर इवल्या गाड्या पळतात. हातात पिस्तुलासारखा खटका धरायचा, दाबला की गाडी सुसाट, वळणावर जास्त दाबला की गाडी कपाटाखाली. मोटारी आणि चाकं तयार होती. वरच्या बॉड्या मात्र तीनच होत्या, त्याही कोऱ्या, पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या. आपण रंगवायच्या. सोबत रंगाचे छोटे स्प्रे होते आणि एक सूचनांचा कागद होता, जो निवेदितानं पहिल्याच दिवशी घडी करून रस्त्याच्या डुगडुगणाऱ्या तुकड्याखाली घातला.

शाळा बंद, बाहेर जायचं नाही, टीव्हीवर दिवसभर नकाशे. अकरा वर्षांच्या मुलीनं करायचं काय? पुढच्या शुक्रवारी तिनं हुसेनमियाँच्या हातात एक पारदर्शक बॉडी दिली.

"अंकल, रेड पाहिजे. वरून दोन व्हाइट स्ट्राइप्स. आणि दारावर एट."

हुसेनमियाँनी ती तळहातावर ठेवली. खरंच तळहाताएवढीच होती. त्यांना हसू आवरेना. "बाय, ही गाडी हाय की बर्फीचा डबा? नाश्त्याच्या आधी करून टाकतो. मर्सिडीजचा लाल मारतो हिला."

"स्प्रे आहे ना आमच्याकडे," मी म्हटलं.

"वहिनी," ते दुखावल्यासारखे म्हणाले, "डब्यातला रंग मी बावीस वरसांत वापरला नाय."

बॉडी घेऊन गेले. पुढच्या शुक्रवारी आले ते जरा हळूच आत आले. मासळीची पिशवी माझ्या हातात दिली, खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. लाल रंग अप्रतिम होता. फक्त ती गाडी राहिली नव्हती. चारी बाजूंनी वळून तिची करंजी झाली होती.

"हे काय झालं?" विवेकनी विचारलं.

"भट्टीत घातली."

"भट्टीत?"

"रंग मारला की भट्टीत जातेच गाडी, साहेब. अर्धा तास. आमी नेहमी घालतो. समोर एका शेखची कॅडिलॅक होती, तिच्या बाजूला ठेवली. कॅडिलॅक मस्त निघाली."

निवेदिता हसून हसून जमिनीवर लोळली. मग ते स्वतःही हसले, पण डोळे करंजीवरच होते. मला वाटतं त्यांना ते लागलं. वर्कशॉपमधले लोक त्यांना 'उस्ताद' म्हणतात.

"दुसरी आन, बाय. इथंच करतो. तुमचाच रंग."

त्यांनी स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं पसरली. बॉडी उचलून बाहेरून रंग मारणार, एवढ्यात निवेदिता ओरडली, "अंकल, नो! आतून!"

"आतून गाडी रंगवतात?"

"वरचे अंकल आतूनच करायचे. बाहेरून शायनिंग राहते, क्रॅश झाला तरी स्क्रॅच येत नाही."

त्यांनी बॉडी उलटीसुलटी करून पाहिली. त्यांना पटलं. पटलं म्हणजे एकदम आवडलंच. "बाहेरून कितीपण घासा, रंग आत! हे गोऱ्यानं बरोबर केलंय." मग आतून झकास लाल मारला, टेबलफॅनसमोर वाळवला, टेपच्या बारीक पट्ट्या कापून दोन पट्टे आखले, त्यात पांढरा भरला, दारावर वर्तुळ करून आकडा काढला. टेप संपली होती म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीवरची एक पट्टी ओढून घेतली.

"अहो हुसेनमियाँ, खिडकीची टेप!"

"वहिनी, रॉकेट काय ही पट्टी बघून मागं फिरनार हाय?"

तासाभरानं सगळं वाळलं. त्यांनी टेप सोलली, सावकाश, श्वास रोखून. आत दोन शुभ्र पट्टे. काय रेषा होती! मग गाडी सुलटी केली.

लाल. नुसती लाल. वरून खालून बाजूनं लाल.

सगळ्यात आधी विवेकच्या लक्षात आलं. आतून रंगवायचं म्हणजे सगळंच उलटं. आधी पट्टे आणि आकडा, मग त्यावर लाल. हुसेनमियाँनी बावीस वर्षांच्या सवयीनं आधी गाडी रंगवली होती आणि मग सजवली होती. सजावट लालाच्या पाठीमागे झाकली गेली होती.

"पट्टे हायत की," हुसेनमियाँ म्हणाले. "आतल्या ड्रायव्हरला दिसतात."

"अंकल, आत ड्रायव्हरच नाहीये."

"मग बघनाराच नाय तर चुकलं कुनाचं?"

आणि नेमका तेव्हा सायरन वाजला.

दुपारचे चार. दिवसा सहसा वाजत नाही, त्यामुळे आम्ही जास्तच गडबडलो. मधल्या खोलीत पळालो, विवेकनी दार लावलं, दाराखाली ओला टॉवेल दाबला. तिघांनी मास्क चढवले. निवेदिताचे पट्टे मी ओढले, ती "मम्मी, दुखतंय" म्हणाली. मग मी वळून पाहिलं. हुसेनमियाँ कोपऱ्यात मांडी घालून बसले होते. नाकातोंडावर ओला पंचा. दुसऱ्या हातात ती लाल गाडी, धूळ लागू नये म्हणून वर धरलेली.

विवेकनी मास्क जरा उचलून मला म्हटलं, "उन्मेषचा काढ ना."

कपाट माझ्यामागेच होतं. हात लांब करायचा अवकाश. मी म्हटलं, "दाढीवर बसत नाही तो. तुम्हीच वाचलंत ना, दाढी असली तर कडेनं हवा शिरते."

वाचलं होतंच त्यांनी. तिसऱ्या पानावर आहे. मी काही खोटं बोलले नाही.

"राहू द्या हो वहिनी," पंच्यामागून हुसेनमियाँ म्हणाले. "बावीस वरसं थिनर हुंगतोय. तो गॅसच मला घाबरंल." निवेदिता मास्कच्या आत हसली, तिच्या काचा धुरकटल्या. दहा-बारा मिनिटांनी धोका टळल्याचा सायरन वाजला. काही झालं नव्हतं. चहा झाला. जाताना ते म्हणाले, "एक बॉडी राहिली ना? पुढल्या शुक्रवारी. हिच्यात आधी सही करायची, मग पत्र लिहायचं. समजलं आता."

तो पुढला शुक्रवार म्हणजे आज.

बेल वाजली, निवेदिता दार उघडायला गेली आणि धावत परत आली. "मम्मी, कोणीतरी आलंय. आवाज अंकलचा आहे."

मी बाहेर गेले तर दारात हुसेनमियाँ, पण दाढी नव्हती. नुसती कमी केलेली नाही, गुळगुळीत. डोळ्यांखालचा भाग तांबूस, त्याच्या खाली गोरी, कोवळी, कधी उन्हात न गेलेली हनुवटी. जणू चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग दुसऱ्या कुणाकडून आणला होता.

"अहो, हे काय?"

"केस पडतो, वहिनी," ते हनुवटीवरून हात फिरवत म्हणाले. "ओल्या रंगात एक केस पडला की फिनिशिंग गेलं. शेवटची बॉडी हाय, म्हटलं रिस्क नको."

"अंकल, तुम्ही एकदम यंग दिसता! लाइक अ हीरो."

"हीरो! वर्कशॉपात मला कुनी वळखलं नाय. शौकत म्हनतो, चाचा कुठं गेले? म्हटलं, चाचा सुट्टीवर गेला, मी त्याचा भाऊ."

विवेक म्हणाले, "भाभींना फोटो पाठवा."

"नको साहेब. ती म्हनंल हा मानूस माझा नाय, परत घ्या."

आम्ही इतके हसलो. मी सगळ्यात जास्त हसले.

आठवडाभर त्यांनी तालीम केली होती. पिशवीतून पाण्याची कापलेली प्लास्टिकची बाटली काढून दाखवली. आतून आधी पांढरा पट्टा, मग लाल. बाहेरून पट्टा झळकत होता. एक नाही, अशा पाच बाटल्या होत्या. पाचवीवर 8 होता.

"बाय, आठ बरा निवडलास. उलटा काढा, सुलटा काढा, आठच."

यावेळी त्यांनी कामाला मधली खोलीच मागितली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बारीक वाळू येते म्हणून. सगळं झाकलेली खोली, धूळ म्हणून नाही. "पन बंद खोलीत वास फार होनार. तो चौथा मास्क हाय तो जरा घालून बघू का? ट्रायल म्हनून."

निवेदितानंच माझ्या साड्यांमधून खोकं काढलं. त्यांनी मास्क चढवला. विवेकनी माहितीपत्रिकेप्रमाणे पुढच्या डब्यावर तळहात दाबून धरला आणि म्हणाले, श्वास घ्या. रबर गालांना गप्पकन चिकटलं. "वा! परफेक्ट सील. आमच्या कुणाचा असा बसला नाही." हुसेनमियाँनी मास्कच्या कडेवरून बोटांची पाठ फिरवली. सगळीकडून, हनुवटीखालून, कानापाशी. खूप वेळ. मग कामाला बसले.

ते काम मी दारातून पाहिलं. आधी टेपच्या पट्ट्यांतून दोन पांढरे पट्टे. मग दारांवर काळा आठ, मग त्यामागे पांढरं वर्तुळ. प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. मग खिडक्यांच्या जागा झाकायच्या. आणि शेवटी लाल, एकदम जोरात नाही, धुक्यासारखा, तीन हात. मास्कच्या गोल काचांतून त्यांचे डोळे बारीक झालेले. मधूनच ते निवेदिताला खुणेनं सांगत, पंखा कमी कर, टेप दे. बोलले की मास्कमधून बेडकासारखा आवाज यायचा आणि ती हसायची. तिला अधूनमधून दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरावं लागत होतं, कारण ओल्या रंगासमोर हसायचं नाही असा उस्तादांचा हुकूम होता.

टेप सोलली. गाडी सुलटी केली.

मी गाड्यांतलं काही जाणत नाही. पण ती तळहाताएवढी लाल गाडी, तिच्यावरचे ते दोन पट्टे, आणि सगळ्यावर काचेसारखी चमक, हे पाहून मलाही काहीतरी झालं. हुसेनमियाँनी बोटांची पाठ तिच्यावरून फिरवली आणि म्हणाले, "काहीच लागत नाय. रंग हाय, पन हाताला नाय." हे त्यांनी दोन-तीनदा म्हटलं. असा रंग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मारला होता.

गाडी मोटारीवर बसवली, खाचेत ठेवली. निवेदितानं खटका दाबला. दोन वळणं घेतली, तिसऱ्या वळणावर सुटली आणि थेट फ्रिजवर आदळली. आम्ही धावलो. ओरखडा नाही.

"बघा!" हुसेनमियाँ विजयी मुद्रेनं म्हणाले. "फ्रिज परत ठोकला, पन गाडी कोरी!"

नंतर त्यांनी मास्क साबणानं धुतला. काचा पुसल्या. एका पट्ट्यावर लाल रंगाचा ठिपका उडाला होता, तो नखानं खरवडून काढला. पट्टे नीट दुमडले आणि दोन्ही हातांनी तो माझ्यापुढे धरला.

मी घेतला. खोक्यात घातला. खोकं साड्यांमध्ये ठेवलं.

परत आले तेव्हा ते दारात चपला घालत होते. घालून झाल्या होत्या तरी उभेच होते. "बरंय मग, वहिनी. येतो." मी म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी सुरमई मिळाली तर बघा." ते म्हणाले, "बघतो की." आणि गेले.

भांडी घासताना मला आठवलं. ते दाढी फडक्यात बांधतात. बावीस वर्षं बांधतात. त्या दाढीसकट त्यांनी शेखांच्या गाड्या रंगवल्या, आमची क्रीम गाडी रंगवली, ती करंजी रंगवली. एक केस कधी कुठल्या रंगात पडला नाही. मग आज केस पडेल कशाला?

दाढीवर मास्क बसत नाही, हे त्यांना मी सांगितलं होतं. मागच्या शुक्रवारी, त्यांच्यासमोर, कपाटाला पाठ लावून. त्यांनी ते ऐकलं, आठ दिवस मनात ठेवलं आणि जी अडचण मी दाखवली होती ती दूर करून आले. सौदीत आल्या वर्षीच हज केला, तेव्हापासून राखलेली दाढी. मागितला मात्र ट्रायलपुरता. बसतो, हे माझ्यासमोर सिद्ध केलं, आणि धुऊन परत केला. आता द्यायचा की नाही, ते माझ्यावर सोडलं. आणि मी सुरमई मागितली.

थिनर हुंगतोय म्हणून गॅस घाबरेल म्हणणारा माणूस घाबरलेला आहे. थुक्बातल्या एका खोलीत ते सहा जण राहतात. त्या खोलीची खिडकी त्यांनी नक्कीच आमच्यासारखी झाकली असेल. सायरन वाजला की सहा पंचे ओले करत असतील.

मघाशी मी विवेकना उठवलं. म्हटलं, "अहो, तो चौथा मास्क."

"हं. दे ना त्यांना," ते झोपेतच म्हणाले. "मला वाटलं तू देशील आज." आणि कूस बदलून परत झोपले. या माणसाला सगळं ठाऊक असतं आणि हे मला चार-चार वर्षं सांगत नाहीत.

उन्मेषचं नाव खोक्यावर आहे. ते खरवडायचं नाही, असं मी ठरवलंय. त्याच्या नावासकट देईन. त्याला पुढच्या पत्रात कळवीन, तो हसेल. आई, मी इथे वडापाव खातोय, मला काय होणार, म्हणेल. म्हणू दे.

बाकीच्या पाच जणांचं काय, हा प्रश्न आहेच. एक मास्क सहा जणांच्या खोलीत गेला की तो तिथे त्यांच्याऐवजी दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडावर बसेल, हेही मला कळतं. हुसेनमियाँना मी ओळखते. म्हणून विवेकना उद्या कंपनीत विचारायला लावणार आहे, निघून गेलेल्या लोकांच्या मास्कचं काय झालं म्हणून. अर्धी बिल्डिंग रिकामी आहे. कुठेतरी पडलेच असतील. पण ते उद्या.

त्यांच्या खोलीत फोन नाही. खाली एका मलबारी माणसाचा बकाला, म्हणजे किराणा दुकान, आहे, रात्री बारापर्यंत उघडा असतो. त्याचा नंबर फोनशेजारच्या वहीत आहे. तो वर हाक मारतो आणि हुसेनमियाँ जिना उतरून येतात. आता साडेअकरा होत आलेत. इतक्या रात्री फोन आला म्हटल्यावर त्यांना आधी हर्णैचीच काळजी वाटेल. म्हणून पहिलं वाक्य ठरवून ठेवलंय: घरचं काही नाही, मी सरोज बोलतेय. मग सांगायचं, सकाळी कामावर जायच्या आधी इकडून जा. कशाला विचारलं तर, गाडीचा पट्टा निघालाय असं सांगावं असं मनात आलं होतं. पण तसा पट्टा निघालाय म्हटलं तर ते रात्रभर झोपणार नाहीत. आणि बहाणे आमच्या दोघांचेही पुरे झाले.

मास्क तुमचा आहे, घेऊन जा, एवढंच सांगणार आहे. पेन ठेवते. तो दुकान लवकर बंद करायच्या आत लावते फोन.